पावसाच्या वहीमागचा पाऊस : प्रकल्प नोंदी

१ मे २०२५, गुरुवार

आज सुट्टी, म्हणून आजच सुरुवात. मामाच्या पावसाच्या वह्यांचं वेबपान करायचं आहे. आंबोली घाटाच्या पायथ्याशी त्याचं घर. अंगणात पर्जन्यमापक आहे, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्याचा सकाळी साडेआठचा नेम चुकलेला नाही. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेसमोर, हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे. आकड्याशेजारी दोन-चार शब्दांचा शेरा: ‘रात्रभर संततधार’, ‘व्हाळ भरून’ (व्हाळ म्हणजे ओढा), ‘मळ्यात पाणी’. हे शेरे मला आकड्यांइतकेच मोलाचे वाटतात. आकडे आणखी कुठे मिळतीलही, शेरे फक्त याच वहीत आहेत.

मामाची मागणी एकच. ‘नुसता तक्ता नको गं. पान उघडलं की पाऊस पडताना दिसू दे.’

म्हणजे मागे हलणारा पाऊस आणि पुढे तक्ता. व्हिडिओ लावायचा नाही हे आधीच ठरवलं. तिकडे दोन काड्या रेंज असते, तिथे काही एमबींचा व्हिडिओ उतरवायला लावणं बरं नाही. कॅनव्हासवर, म्हणजे वेबपानावरच्या कोऱ्या चित्रफलकावर, कोडने रेघा ओढल्या तर सगळा कोड एखाद्या छोट्या फोटोपेक्षाही लहान राहतो. मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनपूर्वी, पान चढवायचं.

४ मे, रविवार

कॅनव्हास टाकला. ‘पोझिशन फिक्स्ड’ (पान सरकलं तरी हा जागेवर), चारही कडांना शून्य, रुंदी-उंची पडदाभर. पाऊस सुरू झाला, पण अक्षरांच्या वरून. वर्ष निवडायची यादी दिसत होती, पण उघडेना. कॅनव्हास पारदर्शक असला तरी काचेसारखा पुढे उभा असतो आणि बोट लागतं ते काचेला.

कॅनव्हासला ‘पॉइंटर-इव्हेंट्स नन’ दिलं, म्हणजे बोट आरपार जातं, यादी उघडली. पुष्कळ जण इथेच थांबतात. पण धारा अजून अक्षरांवरूनच पडत होत्या, म्हणजे कळ थांबली तरी दुखणं जागेवरच होतं.

तक्त्याला झेड-इंडेक्स (कोण वर, कोण खाली हे सांगणारा आकडा) १ दिला. फरक नाही. १० दिला, ९९९ दिला, तरी नाही. तक्त्याची पोझिशन ‘स्टॅटिक’, म्हणजे मुळात असते तीच, होती आणि अशा साध्या घटकाच्या झेड-इंडेक्सकडे ब्राउझर बघतच नाही. मग उलट बाजूने गेले आणि कॅनव्हासला उणे १ दिला. आता पाऊसच गायब.

इथे दुपार गेली, म्हणून नीट लिहून ठेवते. ब्राउझर पान रंगवतो ते ठरलेल्या क्रमाने. सगळ्यात खाली मूळ घटकाचा, म्हणजे एचटीएमएलचा रंग. त्यावर उणे झेड-इंडेक्सवाले. त्यावर साधे घटक, त्यांच्या पार्श्वभूमीसकट. त्यावर पोझिशन दिलेले शून्यवाले आणि शेवटी अधिकवाले. अंगण आधी सारवायचं, मग रांगोळी काढायची, मग पाट मांडायचा, तसंच हे. मी एचटीएमएलला गडद निळा दिला होता आणि त्याच्या आतल्या, सगळा मजकूर धरणाऱ्या बॉडीलाही दिला होता. म्हणजे रांगोळी काढून झाल्यावर त्यावर पुन्हा सारवलं होतं. एचटीएमएलला रंग नसता, तर बॉडीचाच रंग ब्राउझरने खाली अख्ख्या पानाला पसरला असता आणि पाऊस दिसला असता. त्यामुळे हीच उणे १ची युक्ती एका पानावर चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही, आणि माणूस चक्रावतो.

उणे आकडे सोडून दिले. सगळ्याला एक बाहेरचा डबा, त्याला ‘आयसोलेशन आयसोलेट’, म्हणजे आतल्या थरांची भांडणं आतच मिटतात. कॅनव्हास ० वर. मजकूर ‘रिलेटिव्ह’, १ वर. रंग फक्त एचटीएमएलला. पॉइंटर-इव्हेंट्स नन तसंच ठेवलं, आणि स्क्रीन रीडरने (न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणाऱ्या साधनाने) कॅनव्हासकडे लक्ष देऊ नये म्हणून ‘एरिया-हिडन’. तीन थर पुरतात. ९९९९ लिहायची वेळ आली की समजावं, थर कुठेतरी चुकलेत.

९ मे, शुक्रवार

पाऊस धूसर दिसत होता, जुन्या टीव्हीवर दिसायचा तसा. कॅनव्हासला दोन मापं असतात: सीएसएसमधलं (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतलं) पडद्यावरचं माप आणि त्याच्या आतल्या कागदाचं माप. आतलं माप सांगितलं नाही तर ते ३०० बाय १५० धरलं जातं आणि तेवढंच चित्र ताणून पडदाभर पसरतं. आतलं माप फोनच्या पिक्सेल-घनतेने गुणून दिलं, धारा लख्ख झाल्या.

पण मग मामाचा फोन तापला. ३६० बाय ८०० चा पडदा, घनता ३, म्हणजे १०८० बाय २४००, जवळपास २६ लाख पिक्सेल दर फ्रेमला पुसायचे आणि रंगवायचे. घनतेला १.५ ची मर्यादा घातली. ५४० बाय १२००, साडेसहा लाखाच्या आत. काम चौथ्या हिश्श्यावर आलं आणि डोळ्याला फरक कळत नाही, कारण पडणारी धार कुणी न्याहाळत बसत नाही. अक्षर न्याहाळलं जातं. ते कॅनव्हासवर नाही, त्यामुळे त्याच्या धारेला धक्का नाही.

११ मे, रविवार

मामेभावाच्या नव्या फोनवर पाऊस दुप्पट वेगाने. त्याचा पडदा सेकंदाला १२० वेळा रंगतो, माझा ६०. मी थेंब दर फ्रेमला ठराविक पिक्सेल खाली सरकवत होते. आता मागच्या फ्रेमपासून किती मिलिसेकंद गेले ते मोजून तेवढंच सरकवते. दुसऱ्या टॅबवरून परत आल्यावर हा फरक एकदम मोठा येतो आणि सगळे थेंब एका उडीत तळाशी जातात, म्हणून ५० मिलिसेकंदांच्या वर धरायचा नाही.

१५ मे, गुरुवार

आजचं काम मनापासून आवडलं. मागचा पाऊस रोज सारखा कशाला? वहीतली तारीख निवडली की त्या दिवशी पडला तसाच मागे पडू दे.

हवामान खात्याच्या पायऱ्या घेतल्या. दिवसाला २.५ ते १५.५ मिमी हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, ११५.५ पर्यंत जोरदार, २०४.४ पर्यंत अतिजोरदार आणि त्यापुढचा सगळ्यात वरच्या पायरीवर. २.५ च्या खालचा दिवस पावसाळी धरतच नाहीत, त्या दिवशी मागे फक्त ढगाळ रंग. (मामा म्हणतो, पंचनाम्याच्या भाषेत ६५ च्या वर गेलं की अतिवृष्टी. गावात तोच शब्द चालतो, म्हणून पानावर ‘अतिवृष्टी’ची खूण ६५ ला ठेवली.)

नुसते थेंब वाढवून भागलं नाही. हलका पाऊस दाट केला की तो जोरदार दिसत नाही, नुसता दाट हलका दिसतो. खऱ्या पावसात थेंबाचा आकार वाढतो तसा वेगही वाढतो. १ मिमीचा थेंब सेकंदाला साधारण ४ मीटरने पडतो, ५ मिमीचा साधारण ९ मीटरने. म्हणून हलक्याला आखूड, संथ धारा दिल्या आणि जोरदारला लांब, वेगवान. मामाला दाखवलं. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, ‘हा आर्द्राचा. पहिला होता तो हत्तीचा वाटत नाही, हत्तीचा गडगडत येतो.’ (हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र.) पडद्यातून गडगडाट देता येत नाही, पण त्याने नक्षत्र ओळखायचा प्रयत्न केला हेच मला पुष्कळ.

टोकाची चाचणी म्हणून २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा आकडा घातला, ९४४ मिमी. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. २०० लिटरची जवळपास पावणेपाच पिंपं एका चौरस मीटरवर, एका दिवसात. माझ्या हिशेबाने धारा वाढत गेल्या, पडदा पांढरा झाला आणि पुढचं काहीच वाचता येईना. त्या दिवसाची नोंद तर सगळ्यात आधी वाचता यायला हवी. पाचव्या पायरीनंतर धारा वाढवणं बंद केलं. त्यापुढचं काम आकडा करेल.

१८ मे, रविवार

आईला पान उघडून दिलं. ती शेरे मोठ्याने वाचू लागली आणि मध्येच थबकली. ‘माळ्यात पाणी? छप्पर गळलं का दादाचं? बोलला नाही मला.’

वहीत ‘मळ्यात पाणी’ आहे. मी स्क्रीन रेकॉर्ड करून फ्रेम फ्रेम पुढे नेली, तेव्हा सापडलं. ‘म’ आणि ‘ळ्या’च्या मधोमध एक उभी धार खाली येत होती. जाडी अक्षराच्या दांडीएवढी, उंची ओळीएवढी, रंग अक्षराच्या जवळचा. वरून ती शिरोरेषेला टेकली आणि ‘म’चा ‘मा’ झाला. पाव सेकंदाचा खेळ, पण आईची नजर नेमकी तेव्हा त्या शब्दावर होती.

मग मुद्दाम शोधत बसले. ‘सर आली’चं ‘सार आली’ झालेलं सापडलं. तळाशी थेंब फुटताना मी बारीक शिंतोडे काढले होते. त्यातला एखादा शिरोरेषेच्या वर आला की अनुस्वार. ‘आबा आले’चे ‘आंबा आले’ झाले.

हलत्या पार्श्वभूमीची जी उदाहरणं आजवर बघत आले, त्यांतला मजकूर बहुतेक रोमन लिपीत होता. तिथे अक्षरं सुटी असतात, मधून रेघ गेली तर रेघच वाटते. आपल्याकडे शब्दावर आडवी रेषा आहे. तिला खालून लोंबणारी कुठलीही उभी रेघ अक्षराचा भाग होऊन बसते, आणि वरचा कुठलाही ठिपका उच्चार बदलतो. काना, दंड, अनुस्वार ही सगळी आपल्या लिपीत अर्थाची चिन्हं आहेत, आणि माझा पाऊस नेमका याच आकारांचा होता. उभ्या रेघा आणि ठिपके.

रात्री उशिरापर्यंत बसून बदल केले. धार आता साधारण १५ अंशांनी तिरकी. कोकणातला पाऊस समुद्राकडून वाऱ्यासोबत येतो, त्याला तिरका पडणं जास्त शोभतंही. अक्षराच्या दांडीपेक्षा धार पातळ, आणि लांबीला किमान दोन ओळी, म्हणजे एका ओळीत मावून काना होणार नाही. शिंतोडे मजकुराच्या मागे अजिबात नाहीत, फक्त पडद्याच्या अगदी तळाला, जिथे अक्षर नाही. फॉन्ट मुक्ता, वजन ४०० वरून ५०० केलं, दांडी भरीव झाली. ओळींतलं अंतर १.७, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत जातात आणि त्यातून पुन्हा धार गेली की वाचणाऱ्याचे हाल.

२० मे, मंगळवार

तिरकी धार पुरेशी नाही. अक्षरामागून फिकट धार जाते त्या क्षणी पांढऱ्या अक्षराचा उठाव कमी होतो. लहान मजकुराला ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट हवा हा वेब सुलभतेचा नियम मी आतापर्यंत मागचा निळा रंग धरून मोजत होते. तसा तो भरपूर येत होता. पण पार्श्वभूमी हलती असेल तर ती सगळ्यात उजळ असतानाचा रंग धरून मोजायला हवं. दोन धारा एकमेकींवर आल्या तर होणारा रंग घेतला, तिथे अक्षर उणं पडलं.

म्हणून तक्त्याखाली गडद पाटी. आधी पाटीला ‘ओपॅसिटी’ ०.९ दिली. चूक. तिने पाटीबरोबर अक्षरंही फिकट झाली, शिवाय ओपॅसिटी एकच्या खाली गेली की त्या घटकाचं आपलं वेगळं थरांचं जग तयार होतं, आणि माझी वर्षांची यादी त्यात अडकून खालच्या तक्त्याच्या मागे उघडू लागली. ओपॅसिटी काढली, पार्श्वभूमीच्या रंगालाच पारदर्शकता दिली. ९० टक्के भरीव. पाटीच्या मागे पाऊस जाणवतो, वाचताना आड येत नाही.

पाटीमागचं धूसर करायचं ‘बॅकड्रॉप-फिल्टर’ही लावून पाहिलं. लॅपटॉपवर पावसाळी खिडकीसारखं सुरेख दिसतं. मामाच्या फोनवर तक्ता सरकवताना अडखळायला लागला. काढून टाकलं, आणि वाईट वाटलं नाही.

२२ मे, गुरुवार

आईला एसटीत घाटात मळमळतं, तशी या पानावरही डोकं जड झाल्याची तिची तक्रार. तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘हालचाल कमी करा’ आधीपासूनच चालू होतं आणि माझं पान ते विचारतच नव्हतं. ही माझी मोठी चूक. आता ‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ पाहूनच कॅनव्हास सुरू होतो. ज्यांना हालचाल नको त्यांना त्याच दिवसाच्या पायरीचं एक स्थिर चित्र, पडताना थांबलेल्या धारा.

सेटिंग माहीत नसलेल्यांसाठी बटणही हवं. आपोआप सुरू होणारी आणि मजकुरासोबत पाच सेकंदांहून जास्त चालणारी हालचाल वाचणाऱ्याला थांबवता आली पाहिजे, हा नियमच आहे. बटणावर ‘पाऊस थांबवा’ लिहिलं. मामाने फोन केला. ‘बाय, तेवढं लिहू नकोस. मृगाच्या तोंडावर पाऊस थांबवा कोण म्हणतो?’ तो हसत नव्हता. खरंच आहे. त्याने पेरणीच्या दिवसांत ज्या गोष्टीची वाट पाहिली, तिच्याबद्दल असं लिहायचं नाही. बटणावर आता ‘उघडीप’ आहे. पुन्हा सुरू करायला ‘सर येऊ दे’. निवड लक्षात राहते, दर वेळी दाबावं लागत नाही.

२५ मे, रविवार

पान तयार व्हायच्या आधी पाऊसच आला. काल केरळात, आज देवगडपर्यंत मान्सून पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. कोकणात एरवी जूनचा पहिला आठवडा उजाडतो. मामाचा फोन दोनदा तुटला. तिसऱ्यांदा एवढंच म्हणाला, वीज नाही, मापक ठीक आहे, उद्या साडेआठला बघतो.

संध्याकाळी मी मुद्दाम ब्राउझरमध्ये नेटचा वेग मंद करून पान उघडलं. पाऊस आधी आला, तक्ता मागून. उलटा क्रम. ज्या दिवशी ही वही सगळ्यात जास्त उघडली जाईल, त्याच दिवशी तिकडे नेट सगळ्यात अशक्त असेल, हे मला १ मे लाच सुचायला हवं होतं. आता तक्ता साध्या एचटीएमएलमध्ये आधीच भरलेला येतो, स्क्रिप्ट अजिबात उतरली नाही तरी वाचता येतो. कॅनव्हासचा कोड सगळ्यात शेवटी. त्याआधी मागे साधा ढगाळ ग्रेडियंट.

२६ मे, सोमवार

आज मान्सून मुंबईत. पान अजून माझ्याच लॅपटॉपवर.

१ जून, रविवार

किरकोळ कामं. मोबाइलवर पान सरकवताना पत्त्याची पट्टी आत-बाहेर होते, उंची बदलते, आणि कॅनव्हासचं माप नव्याने दिलं की तो कोरा होतो. प्रत्येक सरकवणीला पाऊस लुकलुकत होता. उंची ‘एलव्हीएच’मध्ये (पट्टी आत गेलेली असतानाच्या उंचीच्या मापात) दिली आणि रुंदी बदलली तरच नवं माप. छापताना कॅनव्हास आणि पाटी दोन्ही गायब, काळी अक्षरं पांढऱ्या कागदावर. मामाला छापील प्रत हवी आहे.

आणखी एक: पानाला हळूच वर येण्याची हालचाल द्यावी म्हणून बाहेरच्या डब्याला ‘ट्रान्सफॉर्म’ (घटक सरकवणारा गुण) लावला, तर फिक्स्ड कॅनव्हास तक्त्याबरोबर वर सरकू लागला. ट्रान्सफॉर्म लागलेल्या घटकातला फिक्स्ड हा पडद्याला धरून राहत नाही, त्या घटकाला धरतो. ती हालचाल काढली. मागे पाऊस पडत असताना तिची गरजही नव्हती.

७ जून, शनिवार

पान चढवलं. मामाकडे रात्रीपासून वीज आहे. सकाळी साडेआठला त्याने आकडा वहीत लिहिला आणि मग स्वतःच्या हाताने पानात भरला. मधल्या पायरीतला निघाला. शेरा: ‘पहाटे दोन सरी. मळ्यात पाणी.’

आईला फोन करून पान उघडायला सांगितलं. तिच्या फोनवर धारा थांबलेल्या, म्हणून तिला मुद्दाम ‘सर येऊ दे’ दाबायला लावलं, एवढ्यापुरतंच. तिने तारखेपासून वाचायला सुरुवात केली. दोन सरी. मग न थबकता, ‘मळ्यात पाणी.’ आणि लगेच, ‘भाताचा तरवा वर आला का गं दादाचा, विचार जरा त्याला.’